उरलेल्या ८८ प्रश्नावल्या

एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. दहावीची मुलं परीक्षेच्या धास्तीनं कशी कोमेजून जातात, हे त्या वर्षानुवर्षं बघत होत्या. यंदा त्यांनी मनावर घेतलं. पहिल्या घटक चाचणीच्या आदल्या दिवशी दहावीच्या तिन्ही तुकड्यांतल्या ११८ मुलामुलींकडून त्यांनी २० विधानांची प्रश्नावली भरून घेतली. जास्तीत जास्त गुण ६०, गुण जितके जास्त तितकी भीती जास्त. सगळ्यांची सरासरी २६ आली. ३५ किंवा त्याहून जास्त गुण असलेली ३० मुलं त्यांनी निवडली आणि रोज परिपाठानंतर १५ मिनिटं त्यांच्याकडून दीर्घश्वसन करून घेतलं. सहा आठवड्यांनी एका शनिवारी तिन्ही तुकड्यांत तीच प्रश्नावली पुन्हा दिली. त्या ३० जणांची सरासरी ४१ वरून ३३ वर उतरली होती.

मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. ‘दीर्घश्वसनाने परीक्षेची भीती कमी होते हे सिद्ध’ असा अहवाल नवोपक्रम स्पर्धेला पाठवायचं ठरलं. तेवढ्यात मानसशास्त्रात एम.ए. करणारी भाची सुट्टीला आली. अहवाल चाळून ती म्हणाली, “मावशी, कंट्रोल ग्रुप कुठाय? यातून काहीच सिद्ध होत नाही.” बाई लिहितात : “मला रात्रभर झोप लागली नाही. मुलं मला येऊन सांगतात की बरं वाटतंय. मग ते खोटं आहे का? आणि पुढच्या वर्षी तुलनेसाठी म्हणून निम्म्या घाबरलेल्या लेकरांना मुद्दाम तसंच ठेवायचं, हे मला जमणार नाही. ते पाप वाटतं. अहवाल पाठवू की नको?”

ताई,

मुलं खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही काही खोटं केलेलं नाही. हे आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटच्या चार ओळींत तुम्ही स्वतःला फार टोचून घेतलं आहे. बी.एड.ला कृतिसंशोधन म्हणून जे शिकवलं जातं, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, तेच तुम्ही मनापासून केलंत. भाचीनं जे विचारलं, म्हणजे तुलनेसाठी उपक्रम न केलेला गट कुठे आहे, तेही योग्यच आहे. फक्त तिच्या एका शब्दाशी माझं जमत नाही : ‘काहीच’. तुमच्या हातात काहीच नाही असं मला अजिबात वाटत नाही. उलट तुमच्या पत्रात एक गोष्ट इतकी ओझरती आली आहे की तुमच्या लक्षातही आली नसावी. तिच्याकडे मी नंतर येते.

आधी ते ४१ आणि ३३. या दोन आकड्यांमध्ये आठ गुणांचा उतार आहे आणि तो दीर्घश्वसनामुळे आला असं तुम्ही धरून चालला आहात. तो आणखी कशाकशामुळे आला असेल, हे आपण पाहू.

कल्पना करा, एखाद्या मुलीला पहिल्या वेळी ४६ गुण मिळाले. त्या ४६ मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, तिचा मूळचा भित्रा स्वभाव. दुसरी, त्या दिवसाचं नशीब : आदल्या रात्री घरात वाद झाला असेल, गणिताचं प्रकरण राहून गेलं असेल, पोट दुखत असेल. तुम्ही ११८ मधली सगळ्यात वरची ३० मुलं उचललीत, तेव्हा स्वभावानं घाबरणारी मुलं तर उचललीतच, पण त्यांच्यासोबत तो दिवस वाईट गेलेलीही भरपूर आली. सहा आठवड्यांनी स्वभाव तोच राहतो, पण तो वाईट दिवस पुन्हा त्याच मुलांच्या वाट्याला येत नाही. म्हणून कुणी काहीही केलं नाही तरी वरच्या टोकाचा गट पुढच्या वेळी थोडा खाली येतोच. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश संशोधकानं १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत हे दाखवलं होतं. आपल्याकडे याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

किती परतेल? तुमच्याच आकड्यांवर अंदाज बांधू. समजा, या प्रश्नावलीच्या दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे गुण एकमेकांशी किती जुळतात याचं माप (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत), ०.७ आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. सगळ्यांची सरासरी २६, तुमच्या गटाची ४१, अंतर १५. त्या १५ चे ०.७ पट म्हणजे साडेदहा. म्हणजे काहीही न करता तुमच्या गटाची दुसरी सरासरी साडेछत्तीसच्या आसपास यायला हवी. आठांपैकी साडेचार गुण इथेच गेले. सहसंबंध कमी असेल तर याहून जास्त जातील.

हे शिक्षकांना पटायला फार जड जातं, कारण आपला रोजचा अनुभव याच्या उलट सांगतो. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवताना हेच आढळलं होतं. कौतुकाचा उपयोग शिक्षेपेक्षा जास्त होतो, असं तो सांगत होता. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की उत्तम कसरत करणाऱ्याची पाठ थोपटली की पुढच्या वेळी तो हमखास घसरतो आणि वाईट उडवणाऱ्याला झापलं की पुढच्या वेळी सुधारतो. काहनेमननं तिथल्या तिथे जमिनीवर एक निशाण आखलं आणि प्रत्येकाला पाठमोरं उभं राहून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिलं नाणं निशाणाच्या जवळ पडलेल्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं. पहिलं लांब पडलेल्यांचं दुसरं बहुतेक जवळ आलं. मध्ये कौतुकही झालं नव्हतं आणि बोलणीही बसली नव्हती. तुमच्या शिक्षकखोलीत खडूचे तुकडे घेऊन एकदा करून बघा. ‘ओरडलं की सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात’ ही आपल्या शाळांमधली जुनी समजूत कुठून येते, ते दहा मिनिटांत सगळ्यांना दिसेल. मला या एका गोष्टीबद्दल फार तळमळ आहे, कारण या समजुतीपायी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला आहे.

माझ्याही हातून हे झालं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सहामाहीत नापास झालेल्या विद्यार्थ्यांसाठी मी अभ्यासकौशल्यांचा वर्ग घेत असे. वार्षिक परीक्षेत त्यातले बरेच जण वर यायचे आणि मला मनापासून वाटायचं की हे माझ्या वर्गामुळे झालं. वर्गाला न आलेले नापास विद्यार्थी किती वर आले, हे मी कधी पाहिलंच नाही. कुणी विचारलंही नाही. आज ते आकडे मिळाले असते तर मी काहीही दिलं असतं.

आता प्रश्नावली कधी भरून घेतली ते बघा. पहिल्यांदा, घटक चाचणीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्यांदा, एका शनिवारी, जेव्हा समोर कुठलीच परीक्षा नव्हती. परीक्षेची भीती परीक्षेच्या आदल्या दिवशी जास्त असणार, हे वेगळं सांगायला नको. शिवाय मधल्या सहा आठवड्यांत चाचणी होऊन गेली, पेपर हातात आले, ‘एवढं काही भयंकर नव्हतं’ हे मुलांना कळलं. यातलं काहीही दीर्घश्वसनानं घडवलेलं नाही.

आणि प्रश्नावली दिली कुणी? तुम्हीच. नावासकट. जी बाई रोज सकाळी आपल्यासाठी वेळ काढते, आपल्यासोबत डोळे मिटून बसते, तिच्या हातात ‘मला अजूनही खूप भीती वाटते’ असं लिहिलेला कागद द्यायला मुलाचा जीव कसा होईल? मुलं फसवत नाहीत. त्यांना तुमचं मन राखायचं असतं. आपल्या बाजूनंही असंच होतं. रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९६३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना साधे उंदीर दिले, पण काहींना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, बाकीच्यांना सांगितलं की तुमचे मंद आहेत. उंदीर सगळे सारखेच होते. तरी ‘हुशार’ म्हणून दिलेले उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले. ज्याच्याकडून आशा असते त्याला आपण नकळत जास्त मायेनं हाताळतो, त्याच्या बाजूनं मोजतो. उंदरांबाबत हे होतं, तर आपल्या हाताखालच्या मुलांबाबत किती होईल?

तेव्हा भाचीच्या ‘कंट्रोल ग्रुप कुठाय’ या प्रश्नाचा खरा अर्थ असा आहे : ३३ हा आकडा कशाच्या तुलनेत कमी? तुम्ही तो ४१ शी ताडून पाहिलात. तो ताडायला हवा तो अशाच मुलांच्या दुसऱ्या आकड्याशी, ज्यांच्या बाबतीत परीक्षा, सहा आठवडे, तो शनिवार, सगळं तेच घडलं, फक्त दीर्घश्वसन घडलं नाही.

आता ती ओझरती गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ‘तिन्ही तुकड्यांत तीच प्रश्नावली पुन्हा दिली’. म्हणजे उरलेल्या ८८ मुलांच्या दुसऱ्या वेळच्या प्रश्नावल्याही तुमच्याकडे आहेत! अहवालात त्यांचा एक शब्दही नाही. त्या बहुधा कपाटात गठ्ठा बांधून पडल्या असतील. ताई, त्या गठ्ठ्याची किंमत तुमच्या अख्ख्या अहवालापेक्षा जास्त आहे.

त्यांचं काय करायचं ते सांगते. ११८ जणांची सरासरी २६ आणि तुमच्या ३० जणांची ४१, म्हणजे हिशोबानं उरलेल्या ८८ जणांची पहिली सरासरी २१ च्या जवळपास असणार. शाळेत काहीच बदललं नसेल तर ही मुलं वर सरकायला हवीत, साधारण २२ किंवा साडेबावीसपर्यंत, कारण सरासरीकडे परतणं खालच्या बाजूनंही होतं. ती २२ वर गेली असतील, तर शनिवारचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवसाचा फरक फारसा नव्हता असं समजा. ती १७-१८ वर उतरली असतील, तर भीती सगळ्या शाळेचीच उतरली आहे, आणि तुमच्या ३० जणांच्या उतारातला मोठा वाटा तिचाच आहे.

पण मला खरी उत्सुकता आहे ती ३५ च्या रेघेची. ज्या मुलाला ३६ गुण होते ते उपक्रमात आलं, ज्याला ३४ होते ते राहिलं. या दोघांत तसा काय फरक? दोन विधानांवर एकेक खूण इकडची तिकडे झाली असती तर जागा बदलली असती. मग ३५ ते ३८ ची मुलं एका बाजूला आणि ३१ ते ३४ ची दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि दोघांची भीती किती उतरली ते पाहा. अमेरिकेत थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली नेमकी हीच युक्ती वापरली होती. गुणवत्ता स्पर्धेत रेघेच्या थोडं वर राहून जाहीर सन्मान मिळवलेले विद्यार्थी आणि थोडक्यात हुकलेले विद्यार्थी यांची त्यांनी तुलना केली. रेघ आखून निवड करावी लागते तिथे ही रचना फार उपयोगी पडते. तुम्ही ती नकळत करून ठेवली आहे. तुमच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फार तर दहा-बारा मुलं असतील, त्यामुळे जे दिसेल तो इशारा समजा, निकाल नाही. तरीही तो इशारा ‘४१ वरून ३३’ पेक्षा खूप जास्त प्रामाणिक असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. निम्म्या लेकरांना वंचित ठेवणं हे पाप नाही का?

‘वंचित ठेवणं’ हा शब्द आपण तेव्हा वापरतो, जेव्हा देण्याची गोष्ट चांगली आहे हे ठाऊक असतं. तुम्हाला ते ठाऊक नाही. तुम्हाला तसं वाटतं. मलाही वाटतं. पण आपल्याला वाटणं किती फसवं असतं, याचं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत रिचर्ड कॅबट नावाच्या एका डॉक्टरच्या पुढाकारानं १९३९ साली एक उपक्रम सुरू झाला. गरीब वस्तीतली मुलं पुढे गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून समुपदेशक त्यांच्या घरी महिन्यातून सरासरी दोनदा जात, अभ्यासात मदत करत, डॉक्टरकडे नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ हे चाललं. यापेक्षा चांगलं काम ते काय असणार? पण कॅबटनं एक गोष्ट केली. ५०६ मुलांच्या वय, बुद्धी, घरची परिस्थिती अशा बाबतींत मिळत्याजुळत्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत मिळणार ते नाणं उडवून ठरवलं.

तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं ती मुलं शोधून काढली, जी आता मध्यमवयीन माणसं झाली होती. ज्यांना मदत मिळाली होती त्यांच्यापैकी जवळपास दोनतृतीयांश जणांनी सांगितलं की उपक्रमाचा आपल्याला फायदा झाला. काहींनी आपल्या समुपदेशकांची आठवण फार जिव्हाळ्यानं काढली. नुसतं तेवढंच ऐकलं असतं तर उपक्रम यशस्वी म्हणून गाजला असता. पण जोडीतल्या दुसऱ्या मुलाशी तुलना केल्यावर १९७८ साली समोर आलं ते असं की मदत मिळालेले कुठेही सरस नव्हते, आणि काही बाबतींत, पुन्हापुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, लवकर मृत्यू, त्यांची स्थिती उलट जास्त वाईट होती. मॅककॉर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुढे १९९९ साली असं मांडलं की वारंवार शिबिरांना एकत्र गेलेल्या मुलांनी एकमेकांचं वागणं उचललं असावं. नाणं उडवलं नसतं तर हे जगाला कधीच कळलं नसतं, आणि तीच शिबिरं वर्षानुवर्षं गावोगाव चालत राहिली असती.

दीर्घश्वसनानं मुलं बिघडतील असं मी म्हणत नाही. पण ३० मुलांना रोज सगळ्यांसमोर बाजूला काढणं ही त्या उपक्रमाचीच एक बाजू आहे. वर्गातली बाकीची मुलं त्यांना काय म्हणतात, हे तुम्ही कधी ऐकलं आहे का? ‘घाबरट बॅच’ असं काही नाव पडलं असेल, तर श्वासानं जे दिलं त्यातलं काही नावानं काढून घेतलं असेल. आणि सगळ्या शाळेला सरसकट दिलं तरी फायदा होईलच, असंही धरू नका. ब्रिटनमध्ये ऐंशीहून जास्त शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेच्या, म्हणजे शांत बसून श्वासाकडे आणि मनाकडे लक्ष देण्याच्या, पाठांचा एक मोठा प्रयोग झाला. २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले : ज्या शाळांनी नेहमीचेच तास चालू ठेवले, त्यांच्यापेक्षा या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही वाढीव फायदा दिसला नाही. बरीच मुलं घरी सराव करतच नव्हती. तुमच्या मुलांना तुम्ही रोज स्वतः बसवता, हा मोठा फरक आहे, आणि म्हणून तुमच्या शाळेतलं उत्तर वेगळं येऊ शकतं. पण ते शोधावं लागेल.

शिवाय तुलना करायची म्हणजे कुणाला तरी रिकाम्या हातानं परत पाठवायचं, हेही खरं नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. ‘प्रथम’ या संस्थेनं पालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या मुली १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणित पक्कं करून घेत. मुंबई आणि वडोदरा इथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी शाळांचे दोन गट सोडतीनं पाडले. एका गटातल्या शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली, दुसऱ्या गटातल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली, आणि तरीही प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गट मिळाला. मुलांचे गुण खरोखरच वाढले होते.

तुमच्याकडे हेच पाळीपाळीनं करता येईल. पुढच्या वर्षी जुलैमध्ये, परीक्षा लांब असताना, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा प्रश्नावली घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. एका वाईट दिवसाचा भार त्यानं हलका होतो. वरची ४० मुलं घ्या. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून २० काढा. ती मुलं पहिल्या सहा आठवड्यांत दीर्घश्वसन शिकतील, उरलेली २० पुढच्या सहा आठवड्यांत. पहिली पाळी संपेल तेव्हा दोन्ही गटांची प्रश्नावली घ्यायची. तीच तुमची तुलना. बोर्डाच्या परीक्षेआधी सगळी ४० मुलं दीर्घश्वसन शिकलेली असतील. एकटी बाई एका वेळी सगळ्यांना नाहीतरी नीट शिकवू शकत नाही. आधी कुणाचा नंबर, हे कुणीतरी ठरवणारच, मग ते चिठ्ठीनं ठरलेलं सगळ्यात न्याय्य.

चिठ्ठीऐवजी सोपी वाट शोधू नका. ‘अ’ तुकडी एका गटात आणि ‘ब’ दुसऱ्या गटात असं केलंत, तर तुकड्या कशा पाडल्या जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हजेरीपटावरचे पहिले वीस घेतलेत, तर बऱ्याच शाळांत आधी मुलं आणि मग मुली लिहिलेल्या असतात. तुम्हाला जी जास्त गरजू वाटतात ती आधी, असं तर मुळीच नाही.

थांबलेल्या गटालाही रोज दुसऱ्या वेळी १५ मिनिटं तुमच्यासोबत बसवा, गोष्टीचं पुस्तक वाचा. नाहीतर फरक श्वासानं पडला की बाईंच्या मायेनं, हे कळणार नाही. (मायेनंच पडला असं निघालं, तर ते मला सगळ्यात जास्त आवडेल, कारण ती कुठल्याही शिक्षकाला देता येते.) प्रश्नावली गट माहीत नसलेल्या दुसऱ्या शिक्षकानं द्यावी, वर नावाऐवजी क्रमांक असावा. आणि सुरू करण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवा की काय मोजणार, कधी मोजणार, आणि काय दिसलं तर ‘फरक पडला’ म्हणणार. तारीख घालून तो कागद भाचीकडे ठेवायला द्या. आकडे हातात आल्यावर आपल्याला सोयीचं तेवढंच दिसू लागतं, त्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

एक अडचण उरेल. मुलं मैदानावर एकमेकांना शिकवतील. शिकवू द्या, मैत्रिणीला बरं वाटण्याची युक्ती सांगण्यापासून कुणी कुणाला अडवू नये. अहवालात तसं लिहा. त्यानं फरक असेल त्याहून कमी दिसेल, जास्त नाही. आणि वीस-वीसच्या गटांत लहानसा फरक खरा असूनही दिसत नाही, म्हणून ‘दिसला नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असंही लगेच लिहू नका. तालुक्यातल्या दहा-बारा शाळा एकत्र आल्या तर गोष्ट वेगळी.

पालकांना आणि मुलांना आधी सगळं सांगा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी पालकांची संमती तर लागतेच, शिवाय १२ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यायची असते. नको म्हणणाऱ्या मुलाला नको म्हणू द्या.

आणि एक गोष्ट चिठ्ठीवर कधीच सोडू नका. जे मूल झोपत नाही, जेवत नाही, शाळेत यायचं टाळतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतं, ते कुठल्याही गटात घालायचं नाही. त्याच दिवशी पालकांशी बोला आणि समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे. यंदाच्या ३० मध्ये असं कुणी आहे का, हे उद्याच बघा. अहवालाला आठवडा उशीर झाला तरी चालेल.

अनेक पालकही मला असंच विचारतात. पहिल्या चाचणीत मूल घसरलं म्हणून शिकवणी लावली, स्मरणशक्तीचं औषध सुरू केलं, आणि पुढच्या चाचणीत गुण वाढले. त्यांनाही माझं हेच विचारणं असतं : त्याच चाचणीत घसरलेल्या आणि काहीच न केलेल्या मुलांचं पुढे काय झालं?

अहवाल पाठवा, ताई. फक्त शीर्षकातला ‘सिद्ध’ काढा. ‘दहावीच्या ३० विद्यार्थ्यांसोबत दीर्घश्वसनाचा उपक्रम : एक अनुभव’ एवढं पुरे. आत लिहा की सरासरी ४१ वरून ३३ वर आली, यातला काही उतार सरासरीकडे परतण्याचा आणि काही चाचणी संपल्याचा असू शकतो, आणि नक्की कारण शोधण्यासाठी पुढच्या वर्षी पाळीपाळीचा प्रयोग करणार आहोत. मुख्याध्यापकांना सांगताना ‘आपलं चुकलं’ अशी सुरुवात करू नका. पुढच्या वर्षीचा आराखडा हातात घेऊन जा. मान खाली घालून आलेल्या शिक्षिकेला नाही म्हणणं सोपं असतं, आराखडा घेऊन आलेल्या शिक्षिकेला तितकं सोपं नसतं. स्पर्धेत क्रमांक कदाचित हुकेल. ते वाईट वाटेल आणि वाटायलाही हवं, मेहनत तुमची होती. पण ‘सिद्ध’ वाचून दुसऱ्या कुठल्या शाळेत एखाद्या बाईंनी समुपदेशकाची गरज असलेल्या मुलाला नुसतं श्वास घ्यायला बसवलं, तर त्याची भरपाई कोण करणार?

आता कपाट उघडा. ८८ जणांच्या दोन्ही वेळच्या सरासऱ्या काढा, आणि ३१ ते ३८ गुणांच्या मुलांची यादी वेगळी करा. भाचीला शेजारी बसवा. मावशीनं हजेरीपटावर मांडलेली रेघ तिला तिच्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त काही शिकवून जाईल. जे आकडे येतील ते मला कळवा, कुठल्याही बाजूचे असोत.